सेफ डिलिव्हरी अ‍ॅप: लेबर रूममधल्या सिस्टरचा अभिप्राय

मेळघाटात लेबर रूम आणि बेबी वॉर्मर सांभाळणाऱ्या सिस्टरने फोनमध्ये एकच अ‍ॅप ठेवायचं म्हटलं, तर मी ‘सेफ डिलिव्हरी’ सांगेन. बाळंतपणात आणि जन्मल्या बाळासाठी अडचणीच्या वेळी काय करायचं, ते व्हिडिओतून शिकवणारं हे अ‍ॅप. डेन्मार्कच्या मॅटर्निटी फाउंडेशनने तिथल्या विद्यापीठांना सोबत घेऊन ते बनवलंय. फुकट आहे. मी हिंदीतून वापरते. धारणीकडे हिंदी सगळ्यांच्याच कानावरची, त्यामुळे नवीन एएनएमच्या (सहायक परिचारिकेच्या) हातात दिलं की वेगळं समजवावं लागत नाही.

नवजात शिशु सुरक्षा कार्यक्रम 2009 पासून आहे, त्याचं दोन दिवसांचं ट्रेनिंग आमचं झालेलंच असतं. अडचण पुढची. छोट्या केंद्रावर न रडणारं बाळ काही रोज येत नाही (न येवो तेच बरं), आणि बसलेला हात हळूहळू सुटतो. अ‍ॅप कामाला येतं ते इथे.

बाळाला श्वास देण्याचं मॉड्यूल आधी उघडा. कोरडं करा, पाठ चोळा, मान सरळ ठेवा, तरी श्वास नसेल तर पहिल्या मिनिटाच्या आत बॅग-मास्क सुरू, म्हणजे नाकातोंडावर मास्क धरून हाताने दाबायच्या अंबू बॅगने हवा द्यायची. इथपर्यंत कुणीही घडाघडा म्हणून दाखवतं. खरी परीक्षा बॅग दाबूनही छाती वर येत नाही तेव्हाची. नव्या मुली घाबरून बॅग आणखी जोरात दाबायला जातात. आधी मास्क पुन्हा बसवायचा, मानेची स्थिती बघायची, तोंडा-नाकात स्राव असेल तर काढायचा, तोंड किंचित उघडायचं. दाब वाढवायचा तो यानंतर. हे डोक्यात बसेपर्यंत व्हिडिओ मागे नेऊन कितीदाही बघता येतो. ट्रेनिंगमध्ये सरांना तेच तेच कोण विचारणार?

आम्ही दुपारी वॉर्ड शांत असला की सरावाची बाहुली काढतो. एकीच्या हातात फोन, दुसरीच्या हातात अंबू बॅग. अंगठा आणि तर्जनीने मास्क दाबून उरलेल्या बोटांनी हनुवटी उचलायची, ही पकड पडद्यावर सोपी वाटते. बाहुलीच्या गालाजवळून फुस्स करून हवा निसटली की चेहरे बघण्यासारखे होतात! तुमच्याकडे बाहुली नसेल तर कुठल्याही अ‍ॅपचा उपयोग निम्माच. आणि बाळ निळं पडलेलं असताना फोन उघडायचा नसतो, हेही नव्या मुलींना बजावून ठेवा.

कमी वजनाच्या बाळाचं मॉड्यूलही चांगलं आहे. कृतीची कार्डं आणि औषधांची यादी ड्युटीवर चढण्याआधी चाळायला बरी. प्रश्नमंजुषा सोडवून शेवटी प्रमाणपत्र मिळतं, ज्याची दखल आमच्याकडे कुणीही घेत नाही.

इथिओपियातल्या आरोग्य केंद्रांवर याची रीतसर चाचणी झाली, 2016 मध्ये निष्कर्ष छापून आले. कर्मचाऱ्यांचं ज्ञान आणि कौशल्य स्पष्ट वाढलं. बाळांचे मृत्यू कमी दिसले, पण तो फरक आकडेशास्त्राच्या कसोटीवर पक्का ठरला नाही. मला यात नवल वाटत नाही. वॉर्मर बंद आणि मोठ्या दवाखान्यात न्यायची रेफरची गाडी दोन तास लांब असेल, तर एकट्या सिस्टरच्या हाताने किती होणार?

इकडे पोस्टिंग मिळालेल्यांनी घाटाखालच्या परतवाड्यातच सगळी मॉड्यूल डाउनलोड करून घ्यावीत. एकदा उतरवली की नेटशिवाय चालतात, आणि घाट चढायला लागलं की रेंजचा भरवसा नसतो. फोनमध्ये जागा मात्र आधी मोकळी करा, व्हिडिओ बरेच आहेत.