बेसबॉल ग्लोव्ह आणि बॉलचा सेट: मालवणच्या पावसात वापरून झाल्यावर

भाच्यासाठी ऑनलाइन मागवला, 12 इंची ग्लोव्ह आणि एक बॉल मिळून 1900 रुपये. पोरगा 15 वर्षांचा, वाडीच्या टीममधून टेनिस बॉलने फास्ट टाकतो, कुठेतरी रिंकू सिंगचे (क्रिकेटवाला नव्हे, अमेरिकेत बेसबॉल खेळायला गेलेला) व्हिडिओ बघितले आणि आता पिचरच, म्हणजे बेसबॉलमधला बॉल टाकणारा, व्हायचंय म्हणतो.

पहिला घोळ माझाच. साइटवर 'राइट हँड थ्रो' होतं, मला वाटलं ग्लोव्ह उजव्या हातात येणार, म्हणून लेफ्टवाला मागवला. तसं नसतं हो, उजव्याने फेकणारा ग्लोव्ह डाव्या हातात घालतो. बदलून यायला 11 दिवस गेले. आला तेव्हा चामडं इतकं कडक की भाचा म्हणाला, "मामानू, ह्यो मिटणाच नाय!" आईने खोबरेल चोळायला लावलं, मऊ झाला खरा पण जुलैत त्यावर हिरवी बुरशी. कोरड्या फडक्याने पुसून चुलीच्या वर लांब टांगला, आता मस्त मिटतो. ग्लोव्हला पूर्ण मार्क.

बॉल मात्र फसवणूक. बेसबॉलला 108 टाके असतात, आत लोकरीचा धागा गुंडाळलेला असतो. आमचा चार दिवस जांभ्याच्या गडग्यावर आपटला आणि शिवण उसवून आतून भुसा बाहेर. कस्टमर केअरला फोटो पाठवले तर म्हणे वापरलेली वस्तू परत होत नाही. अरे मग बॉल काय देव्हाऱ्यात ठेवायचा?

आणि एक, पोरांसाठी घेणार असाल तर वजन बघा. टेनिस बॉल 58 ग्रॅमच्या आसपास, हा 142 ते 149. भाच्याने पहिल्याच दिवशी दीडशेक फेकले आणि रात्री कोपर धरून बसला. रिंकूचंच बघा ना, भालाफेक करणारा पोरगा, 2008 मध्ये टीव्हीवरची स्पर्धा जिंकून एक लाख डॉलर, लगेच पिट्सबर्ग पायरेट्स या अमेरिकन बेसबॉल टीमचा करार, मग वर्षानुवर्षं मायनर लीग, म्हणजे खालच्या पातळीवरच्या स्पर्धा, वरच्या मेजर लीगला काही पोचला नाही, शेवटी कोपराचं टॉमी जॉन ऑपरेशन आणि 2018 ला थेट कुस्तीच्या रिंगणात, डब्ल्यूडब्ल्यूईत. सोबत करार झालेल्या दिनेश पटेलला तर टीमने 2010 लाच सोडलं होतं. ज्याच्या नावाने ते ऑपरेशन, तो अमेरिकन पिचर टॉमी जॉन मात्र 1974 ला कापून घेऊन 1976 ला परत आला आणि 1989 पर्यंत टाकत राहिला, 164 मॅच ऑपरेशननंतर जिंकला! भाच्याला नेमकी हीच गोष्ट लक्षात राहिलीय, बाकीची नाही.

अमेरिकेत त्याच्या वयाच्या पोरांना दिवसाला जास्तीत जास्त 95 बॉल सांगतात. मी 40 वर आणलंय. मोजायला आजी पडवीत बसते, आणि ती एकही जास्त टाकू देत नाही.

साडेतीन स्टार. अर्धा कापला तो भुशाचा, एक कस्टमर केअरचा.