काटा शून्यावर आला नाही, ते दिसूनही मी पैसे पाठवले

फिल्म कॅमेऱ्यासाठी उजेड मोजणारा जुना मीटर ऑनलाइन घेतला आणि फसलो. मीटरचे 6,800, कुरिअरचे 350 आणि "कॅलिब्रेट करून पाठवतो" म्हणून वरचे 900. झाले 8,050. त्या मीटरच्या भरवशावर वाया गेलेले फिल्मचे दोन रोल 1,900 चे, ते धुवायचे 900. एकूण 10,850 रुपये. आकडा आधीच सांगतो, कारण चौकीत, बँकेत, सगळीकडे पहिला प्रश्न हाच आला, आणि तो ऐकला की समोरचा मोबाइल बघायला लागायचा.

मी नवशिका नाही. बाबांचा यशिका मॅट-124जी हा जुना फिल्म कॅमेरा गेली 11 वर्षं वापरतोय. त्याच्या आतला मीटर 1.35 व्होल्टच्या पाऱ्याच्या सेलवर चालायचा. तो सेल आता मिळत नाही आणि 1.5 व्होल्टचा अल्कलाइन घातला की रीडिंग भलतंच येतं. इतके दिवस मोबाइलच्या ॲपवर भागवलं. पण आत्याचं सहस्रचंद्रदर्शन ठरलं. भर कार्यक्रमात एका हातात मोबाइल आणि एका हातात कॅमेरा नको, म्हणून मुठीत मावणारा मीटर शोधत होतो.

फिल्मवाल्यांच्या एका ग्रुपवर गॉसेन पायलट दिसला. जर्मन, छोटासा, सेलेनियमचा, म्हणजे बॅटरीची भानगडच नाही. उजेड पडला की त्यावरचा सेलेनियमचा सेल स्वतःच करंट तयार करतो आणि काटा हलतो. विकणाऱ्याच्या जुन्या पोस्टखाली 14 जणांनी "विश्वासू माणूस" असं लिहिलेलं. मी त्यातल्या दोघांना मेसेज करून विचारलंसुद्धा. आणखी काय करायला हवं होतं मी?

त्याने गच्चीवरचा व्हिडिओ पाठवला. दुपारचं कडक ऊन, मीटर तळहातावर. 400 स्पीडच्या फिल्मला शटर 1/500 आणि ॲपर्चर (लेन्सचं छिद्र) 16, अगदी बरोबर. मग त्याने सेलवर अंगठा ठेवला. काटा खाली आला आणि मध्येच थांबला, शून्याच्या बराच अलीकडे. अंगठ्याचं नख अर्धं काळं पडलेलं होतं, तेही मला आठवतंय, इतक्या वेळा मी ते बघितलं. सेल झाकला की काटा शून्यावर यायलाच हवा, ही मीटरची पहिली परीक्षा. मला ती ठाऊक होती! तरी मनाची समजूत घातली, की अंगठ्याच्या कडेने उजेड शिरत असेल. विचारावंसं वाटलं, पण त्याचा मेसेज आला, "दादा, अजून दोघे थांबलेत." मी पिन टाकला.

त्याने काय केलं होतं ते नंतर कळलं. सेलेनियमचा सेल वर्षानुवर्षं उजेड आणि दमट हवा खाऊन मरत जातो, मग काटा कमी हलतो. याने शून्य जुळवायचा बारीक स्क्रू फिरवून काटा मुळातच वर आणून ठेवला. उन्हात थकलेला सेल आणि वरची खोटी भर मिळून आकडा बरोबर येतो. सावलीत मात्र काटा खाली उतरतच नाही. भिंगाखाली बघितलं तर स्क्रूच्या खाचेत पितळ ताजं चकाकत होतं.

मीटर घरी आल्यावर मीही उन्हातच तपासला. म्हणून सांगतो, तीन ठिकाणी तपासा: ऊन, सावली आणि घरातला दिवा. सेल झाकायला अंगठा चालणार नाही, काळं जाड कापड घ्या. आणि व्हिडिओवर जाऊ नका, व्हिडिओ कॉल करा आणि "आता खोलीत घेऊन जा" म्हणा. नाही म्हणाला तर तिथेच सोडा.

मंगल कार्यालयात मीटर 1/125 आणि 5.6 दाखवत होता. तिथे 1/30 आणि 3.5 लागलं असतं, म्हणजे तीन स्टॉपहून जास्त फरक (एक स्टॉप म्हणजे उजेड दुप्पट किंवा निम्मा). उन्हात बरोबर आलेल्या मीटरवर कोण शंका घेईल? एचपी5 या कृष्णधवल फिल्मचे दोन रोल, 24 फ्रेम. आत्याला दिव्यांनी ओवाळलं, सगळ्या जावा-नणंदा एका रांगेत बसल्या, आणि निगेटिव्ह काचेसारखी कोरी निघाली. पांढऱ्या साड्यांच्या कडा तेवढ्या दिसतात.

त्याने मला ब्लॉक केलं. बँकेत गेलो तर म्हणे, "पैसे तुम्ही स्वतःच पाठवलेत." 1930 या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली, पण तोवर 19 दिवस झाले होते. तुम्ही असा उशीर करू नका, पैसे गेल्याचं कळलं की त्याच तासाला फोन लावा. चौकीत तीनदा गेलो. पहिल्या दिवशी साहेब नव्हते. दुसऱ्या दिवशी, "वस्तू मिळाली ना? मग फसवणूक कसली?" मी मीटर टेबलावर ठेवला, सेल झाकून काटा दाखवला. ते म्हणाले, "हे घड्याळ आहे का?" तिसऱ्या दिवशी हा दिवाणी मामला आहे असं सांगून अर्जाच्या प्रतीवर शिक्कासुद्धा मारून दिला नाही. ग्राहक आयोगाचं विचारलं तर एका वकिलाने सांगितलं, की विकणारा व्यापारी नाही, बिल नाही, कठीण आहे. म्हणजे 8,050 रुपये घेऊन मुद्दाम बिघडवलेली वस्तू विकायची, आणि कुठल्याच खिडकीवर तो गुन्हा नाही! लाखाचं नुकसान झालं असतं तर खुर्ची तरी दिली असती. मी उभ्याने बोलून आलो, तीनही वेळा.

"सर्व्हिस केलेला" म्हटलं की दुरुस्ती करणाऱ्याची पावती मागा. "दोघे थांबलेत" म्हटलं की त्या दोघांना घेऊ द्या. पार्सल फोडताना व्हिडिओ काढा. आणि घरातल्या प्रकाशात काम असेल तर जुना सेलेनियम घेऊच नका, चांगल्या अवस्थेतलासुद्धा कमी उजेडात लंगडा पडतो. सिलिकॉन सेलचे छोटे मीटर नवे मिळतात, साध्या बटण सेलवर चालतात.

काल दुसऱ्या एका ग्रुपवर वेगळ्या नावाने आणखी एक पायलट विकायला आलाय, 7,200 ला. गच्ची तीच. अंगठ्याचं काळं नख आता अर्धं वाढून पुढे सरकलंय, आणि काटा तसाच मध्ये थांबतो.