१९८१ची डी अँड डी अजून चालते का? वर्षभर खेळल्यावरचा अनुभव

गेल्या गणपतींपासून आमचा ग्रुप डंजन्स अँड ड्रॅगन्स (डी अँड डी) या टेबलाभोवती बसून फासे टाकत, पात्रं वठवत खेळायच्या खेळाची १९८१ची आवृत्ती खेळतोय. टॉम मोल्ड्वे यांचं 'बेसिक' आणि डेव्हिड कुक यांचं 'एक्सपर्ट', दोन्ही ६४ पानांची. जाणकार मंडळी या जोडीला बीएक्स म्हणतात. सगळ्यांना २०१४ची पाचवी आवृत्ती येते, तिची २०२४ची सुधारित पुस्तकंही एकाकडे आहेत. तरी मागे गेलो, कारण पाचवीत एक मारामारी आमची अख्खी शनिवार संध्याकाळ खायची. इथे तीच वीसेक मिनिटांत आटपते आणि पुढे भुयार फिरायला वेळ उरतो.

नियम सुटे वाचले तर बाळबोध वाटतात. भुयारातला वेळ दहा-दहा मिनिटांच्या 'टर्न'मध्ये मोजायचा. मशाल सहा टर्न टिकते. दर दोन टर्नला डीएमने (डंजन मास्टर, म्हणजे खेळ चालवणारा; आमच्याकडे मी) सहा बाजूंचा फासा टाकायचा, एक पडला की भटका राक्षस हजर. धातूचं चिलखत घातलेला माणूस टर्नला ६० फूट चालतो, वर खजिन्याची पोती लादली की ३०. आता हे सगळं एकत्र ठेवा. अनुभवाचे गुण मुख्यतः सोन्यातून मिळतात, एका नाण्याला एक गुण, तोही नाणं सुखरूप बाहेर आणलं तर. म्हणजे जितकं सोनं उचलाल तितके रखडत चालाल, तितक्या मशाली जळतील आणि माझा फासा तितक्या वेळा पडेल. लढवय्याला दुसऱ्या पातळीसाठी २००० गुण लागतात, त्यामुळे हावही सुटत नाही. परत फिरायचं की अजून एक दार उघडायचं यावर आमच्याकडे जितकी भांडणं झाली, तितकी मारामाऱ्यांत कधी झाली नाहीत.

मध्यंतरी एकाने मशालींचा हिशोब म्हणजे कटकट म्हणून तो बंद करायला लावला. दोन-तीन बैठकांत वजनाचा नियम पोकळ वाटायला लागला, मग भटके राक्षस म्हणजे डीएमचा खडूसपणा. मशाली परत आल्या. चौकटीच्या वहीत मी टर्नची ओळ आखतो, दर दुसऱ्या चौकटीत टिंब, सहावीवर काट. एवढ्यावर भागतं.

दुसरी जान आहे रिअॅक्शनच्या, म्हणजे समोरचा कसा वागेल हे ठरवणाऱ्या फाशात. राक्षस भेटला की दोन फासे टाकायचे: दोन पडले तर थेट हल्ला, बारा पडले तर चक्क मैत्री, आणि मधे बोलाचालीला भरपूर जागा. बेसिकच्या खोक्यातच डी अँड डीच्या जनकांपैकी एक गॅरी गायगॅक्स यांचं 'द कीप ऑन द बॉर्डरलँड्स' हे साहस येत असे, आम्ही तिथूनच सुरुवात केली. (ज्यांना ते खेळायचंय त्यांनी पुढचा परिच्छेद सोडावा.)

त्या साहसातल्या किल्ल्यात कानावर येणाऱ्या अफवांपैकी एक अशी की, गॉब्लिन या बुटक्या राक्षसांच्या भाषेत 'ब्री-यार्क' म्हणजे शरणागती. अफवा खोटी आहे, पण खेळाडूंना ते कळायला मार्ग नाही. गुहेत गॉब्लिन भेटले, फासे नऊ, म्हणजे ते हल्ला न करता ऐकायच्या तयारीत. आमचा क्लेरिक (लढणारा पुजारी) मोठ्या ऐटीत पुढे झाला आणि दोन्ही हात वर करून ओरडला, "ब्री-यार्क!" ती मुळात त्यांची मदतीला धावा अशी हाक. गॉब्लिनांनी २५० सोन्याच्या नाण्यांची थैली गुप्त दारातून शेजारच्या भाडोत्री ओग्रकडे, म्हणजे धिप्पाड राक्षसाकडे भिरकावली आणि तो गदा घेऊन आला. "अरे, त्याला आपण जास्त देऊ ना!" असं आमची चोर म्हणाली. ओग्र पैशाचा यार, पटला. पण ते पैसे म्हणजे खेळाडूंचे न मिळालेले गुण. टेबलावर नाणी मोजून देताना त्यांची तोंडं बघण्यासारखी होती. मग एक गॉब्लिन पडला, मी मोरालचे, म्हणजे उरलेले टिकतात की पळतात हे ठरवणारे फासे टाकले, आठ आले. त्यांचं मोराल सात, फासे त्याच्या वर गेले. पळाले सगळे. यातलं काहीही मी आधी ठरवलेलं नव्हतं.

तक्रारी आहेतच. पहिल्या पातळीच्या चोराला कुलूप उघडायची शक्यता १५ टक्के, सापळा शोधायची १०. याला चोर म्हणायचं का, हा प्रश्न रास्त आहे. क्लेरिकला पहिल्या पातळीवर एकही मंत्र नाही, जादूगाराला दिवसाला एक. हिट पॉइंट (पात्रात किती जीव उरला तो आकडा) शून्य म्हणजे मेला, विषय संपला. पाचवीची सवय असलेल्यांना हे झोंबतं, आमच्यातला एक त्यावरूनच सोडून गेला. मी चोराचे आकडे वाढवले नाहीत. खेळाडूने काठीने फरशी ठोकून बघतो असं सांगितलं, तर फासा न मागता उत्तर देतो. उतरत्या आर्मर क्लासचा (बचाव किती भक्कम तो आकडा, इथे जितका कमी तितका चांगला) बाऊ मात्र उगाच करतात. पहिल्या तीन पातळ्यांच्या लढवय्यासाठी १९ मधून समोरच्याचा आर्मर क्लास वजा करायचा, वार लागायला फाशावर किती हवेत ते कळतं, जमलं. त्या किल्ल्यात किल्लेदारापासून सराईवाल्यापर्यंत एकालाही नाव दिलेलं नाही, ती कामगिरी डीएमवर.

पुस्तकांचं म्हणाल तर मूळ पीडीएफ विकत मिळतात. मी त्या झेरॉक्सवाल्याकडून छापून स्पायरल करून घेतल्या. टेबलावर मात्र गॅव्हिन नॉर्मन यांचं २०१९चं 'ओल्ड-स्कूल इसेन्शल्स' उघडं असतं. नियम तेच, पण मूळात दोन पुस्तकांत विखुरलेले तक्ते इथे समोरासमोरच्या पानांवर सापडतात. उणीव एवढीच की ते फार कोरडं आहे. नियम कशासाठी आहे आणि अडल्यावर डीएमने काय करावं, हे मोल्ड्वेच नीट समजावतात. नव्याने चालवणाऱ्याने आधी मोल्ड्वे वाचावेत. परदेशातून छापील प्रत मागवायच्या फंदात मी पडलो नाही, टपाल आणि कस्टम मिळून पुस्तकाला भारी पडतात.

अशी पुनर्लिखित पुस्तकं निघू शकतात ती मुख्यतः २०००च्या ओपन गेम लायसन्समुळे, म्हणजे डी अँड डीचे नियम इतरांना वापरू देणाऱ्या परवान्यामुळे. जानेवारी २०२३ मध्ये डी अँड डीची सध्याची मालक कंपनी विझार्ड्स ऑफ द कोस्टने तो परवाना आवळायचा घाट घातला, गदारोळ झाला आणि त्याच महिन्यात पाचवीचे मूळ नियम क्रिएटिव्ह कॉमन्स या सगळ्यांना खुल्या परवान्याखाली सोडावे लागले. 'बेसिक फँटसी' या अशाच जुन्या धाटणीच्या खेळवाल्यांनी तरी धोका नको म्हणून चौथी आवृत्ती त्या लायसन्सशिवाय काढली. तिची पीडीएफ फुकट आहे. नुसतं चाखून बघायचं असेल तर तीच घ्या, फक्त तिच्यात आर्मर क्लास चढता आहे आणि वंश व पेशा वेगळे निवडायचे असतात. मूळ पीडीएफ घेतलीत तर लगेच उतरवून दोन ठिकाणी ठेवा. एप्रिल २००९ मध्ये कंपनीने सगळ्या पीडीएफ एका झटक्यात विक्रीतून काढल्या होत्या, त्या परत यायला २०१३चा जानेवारी उजाडला.