रिटर्न लाइनचा पंप: टायमर की थर्मोस्टॅट?

गच्चीवरच्या सोलर टाकीपासून तळमजल्याच्या नळापर्यंत 25 मीटर पाइप असेल आणि आतला व्यास 20 मिमी, तर त्यात साधारण 8 लिटर पाणी रात्रभर गार होऊन बसतं. ते मोरीत वाहून जाऊ नये म्हणून ते नळाजवळून परत टाकीत नेणारा पाइप, म्हणजे रिटर्न लाइन, आणि छोटा पंप.

टायमर स्वस्त नि सोपा. पहाटे साडेपाच ते नऊ लावला की झालं. पण पाइप तापला तरी पंप फिरतच राहतो. पाइपातून उष्णता जाते, शिवाय टाकीतला वरचा गरम थर खालच्या गार पाण्यात ढवळला जातो. उशिरा आंघोळ करणाऱ्याला कोमट पाणी मिळतं. बॅटरी नसलेला टायमर वीज गेली की मागे पडतो. तो घेऊच नका.

थर्मोस्टॅट पाइपचं तापमान पाहून 38 अंशांना पंप चालू करतो, 45 ला बंद. सगळी मदार सेन्सरवर. तो प्लास्टिकच्या पाइपवर नको, पितळी निपलवर (पाइप जोडायच्या छोट्या तुकड्यावर) अ‍ॅल्युमिनियम टेपने घट्ट बसवा, वरून इन्सुलेशन गुंडाळा. उघडा राहिला तर हवेच्या गारव्यामुळे कमी तापमान दाखवतो आणि पंप थांबत नाही. ढगाळ दिवसांत टाकीच 42 अंशांवर असेल, तरी तेच होतं.

एकच घ्यायचा तर थर्मोस्टॅट; पण तो एकटा रात्रभर पंप चालू-बंद करत राहील. म्हणून टायमर त्याच्याशी सिरीजमध्ये जोडाच, म्हणजे दोन्ही चालू असतील तेव्हाच पंप फिरेल. आणि पंपापुढे नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह हवाच, नाहीतर नळ उघडताच टाकीच्या तळाचं गार पाणी रिटर्नमधून उलटं येतं.