नववा महिना, सहा सत्रे आणि रजेचा अर्ज: या प्रसूतिपूर्व वर्गाविषयी

नाशिकच्या गंगापूर रोडवरील या केंद्राचा सहा आठवड्यांचा प्रसूतिपूर्व वर्ग मी चौतिसाव्या आठवड्यात सुरू केला आणि शेवटच्या सत्रानंतर पाचव्याच दिवशी माझी प्रसूती झाली. मुलगी आता तीन महिन्यांची आहे. वर्गात शिकवलेले प्रत्यक्षात कितपत उपयोगी पडले हे सांगण्याइतके अंतर आता पडलेले असल्यामुळे हा अभिप्राय लिहीत आहे. शुल्क साडेचार हजार रुपये असून त्यात पती किंवा घरातील एका व्यक्तीचा समावेश आहे. माझे मत एवढेच की शिकवणे चांगले आहे, परंतु सत्रांचा क्रम चुकीचा आहे, आणि नोकरी करणाऱ्या स्त्रीला त्या क्रमाची किंमत मोजावी लागते.

पहिले सत्र आहाराचे होते आणि ते मला सामान्य वाटले. लोहाच्या व कॅल्शियमच्या गोळ्या एकाच वेळी घेऊ नयेत ही एक गोष्ट सोडली तर त्यात नवे काही मिळाले नाही. दुसरे सत्र मात्र संपूर्ण वर्गाचे मोल वसूल करणारे होते. कळा खऱ्या की खोट्या हे कसे ओळखावे, हा आम्हा सर्वांच्या मनातील प्रश्न वर्ग घेणाऱ्या ताईंनी घड्याळ हातात देऊन सोडवला. खोट्या कळा चालल्याने, कूस बदलल्याने किंवा पाणी प्यायल्याने ओसरतात. खऱ्या कळा ओसरत नाहीत, त्यांच्यातील अंतर कमी होत जाते आणि जोर वाढत जातो. पहिलटकरणीने साधारणपणे पाच मिनिटांच्या अंतराने, प्रत्येकी एक मिनिट टिकणाऱ्या कळा तासभर येत राहिल्या की निघावे, असा हिशोब त्यांनी सांगितला. मात्र गर्भातील पाणी गेले, रक्तस्राव झाला किंवा बाळाची हालचाल नेहमीपेक्षा मंदावली, तर हा हिशोब बाजूला ठेवून कळांची वाट न पाहता लगेच रुग्णालय गाठावे, आणि गेलेल्या पाण्याचा रंग हिरवट असेल तर ते डॉक्टरांना आवर्जून सांगावे, हेही त्यांनी प्रत्येकीकडून वदवून घेतले. गर्भपिशवीचे तोंड पाच सेंटीमीटर उघडेपर्यंतचा काळ पहिल्या खेपेला बराच लांबू शकतो आणि त्यात काही बिघडलेले नसते, हे ऐकून ठेवल्यामुळे प्रसूतीच्या रात्री माझा धीर टिकला.

याच सत्रात घरापासून रुग्णालयापर्यंतचा रस्ता दोनदा, एकदा मध्यरात्री आणि एकदा संध्याकाळी, गाडीने जाऊन पाहण्याचा गृहपाठ होता. आम्ही पाथर्डी फाट्याला राहतो. रात्री अठरा मिनिटांत कापलेल्या अंतराला अंबडच्या कारखान्यांची शिफ्ट सुटण्याच्या वेळी मुंबई नाक्यामार्गे पाऊण तास लागला, तेव्हा माझ्या पतीने तोवर थट्टेवारी नेलेला वर्ग प्रथमच गांभीर्याने घेतला. गाडीची सोय नसलेल्यांसाठी रुग्णवाहिकेचे १०२ आणि १०८ हे क्रमांक भिंतीवर लावलेले होते. पैकी १०२ ची सेवा मुख्यतः गरोदर माता आणि नवजात बालकांसाठी आहे, हे मला माहीत नव्हते.

तिसऱ्या सत्रातील श्वसनाचे व्यायाम ठीक होते. सिझेरियनविषयीच्या पाचव्या सत्रात भीतीही घातली नाही आणि खोटा दिलासाही दिला नाही, एवढे नोंदवून पुढे जाते.

चौथे सत्र स्तनपानाचे होते आणि त्याला घरातील ज्येष्ठ स्त्रीला घेऊन येण्याची सूचना होती. सासूबाई अनिच्छेनेच आल्या. बाळाला प्रथम मध चाटवायचा की गुटी द्यायची, हा त्यांचा प्रश्न सर्वांसमोर आला, तेव्हा ताईंनी परंपरेची टिंगल न करता चिकाविषयी सांगितले. गाईच्या चिकाचा खरवस आपण कौतुकाने खातो आणि आईचा चीक मात्र एके काळी पिळून टाकत असू, एवढ्या एका वाक्याने सासूबाई विचारात पडल्या. पहिल्या तासाभरात बाळाला छातीशी घ्यावे, सहा महिने आईच्या दुधाशिवाय पाणीसुद्धा देऊ नये आणि मध तर वर्षभर टाळावा, कारण त्यातून तान्ह्या बाळाला बॉट्युलिझमसारखा गंभीर आजार होऊ शकतो, ही कारणमीमांसा त्यांना पटली. डिंकाचे लाडू, अळिवाची खीर आणि बाळंतशोपा यांवर मात्र कोणीही आक्षेप घेतला नाही, त्यामुळे घरी तहही सन्मानाने झाला.

आता तक्रारीकडे येते. प्रसूती रजेविषयीचे सत्र सहावे, म्हणजे शेवटचे, ठेवलेले आहे. चौतिसाव्या आठवड्यात प्रवेश घेणारी स्त्री तेथे पोहोचते तेव्हा तिचा एकोणचाळिसावा आठवडा चालू असतो. अर्ज केव्हाच दिलेला असतो आणि बहुधा रजाही सुरू झालेली असते. मी एका कारखान्याच्या लेखा विभागात काम करते. मार्चअखेरच्या कामामुळे मला अडतिसाव्या आठवड्यापर्यंत कामावर जावे लागले. प्रसूतीपूर्वीचे आठ आठवडे जेवढे वापरले नाहीत तेवढे बुडाले, असे आमच्या कार्यालयात मला ठामपणे सांगण्यात आले, आणि मी तसे गृहीत धरून प्रसूतीनंतर अठराच आठवड्यांनी रुजू होण्याचे लिहून दिले. तान्ह्या बाळाला कोठे ठेवायचे या विचारात मी पाच आठवडे नीट झोपले नाही.

सहाव्या सत्रात निवृत्त कामगार अधिकाऱ्यांनी वीस मिनिटांत हा घोळ सोडवला. १९६१ च्या प्रसूती लाभ कायद्यात २०१७ साली झालेल्या दुरुस्तीने पहिल्या दोन अपत्यांसाठी सवेतन रजा १२ आठवड्यांवरून २६ आठवडे झाली. त्यातील जास्तीत जास्त ८ आठवडे प्रसूतीपूर्वी घेता येतात. आठ ही कमाल मर्यादा आहे, सक्ती नव्हे, आणि आधी न घेतलेले आठवडे नंतर मिळतात. अपेक्षित तारखेपूर्वीच्या बारा महिन्यांत किमान ८० दिवस काम झालेले असावे लागते. नव्या सामाजिक सुरक्षा संहितेतही हाच कालावधी ठेवलेला आहे. प्रसूतीपूर्व काळाचे वेतन गरोदरपणाचा दाखला दिल्यावर आगाऊ आणि उरलेले प्रसूतीचा दाखला दिल्यापासून ४८ तासांत मिळावे, अशी तरतूद आहे. प्रसूतीतून उद्भवलेल्या आजारासाठी आणखी एक महिना मिळू शकतो, आणि कामावर परतल्यानंतर बाळ पंधरा महिन्यांचे होईपर्यंत स्तनपानासाठी दिवसातून दोनदा वेळ मिळतो. ईएसआयमध्ये, म्हणजे कर्मचारी राज्य विमा योजनेत, असणाऱ्यांचे पैसे मालकाऐवजी महामंडळाकडून येतात, त्यामुळे त्यांनी कागदपत्रे कोठे द्यावीत हेही त्यांनी वेगळे समजावले. दुसऱ्याच दिवशी पतीने माझा सुधारित अर्ज नेऊन दिला, पोच घेतली, आणि दोन दिवसांत तो मंजूर झाला. पाच आठवड्यांची झोप मात्र परत मिळाली नाही.

म्हणून केंद्राला माझी आग्रहाची सूचना आहे की हे सत्र पहिले ठेवावे, आणि नोकरदार स्त्रियांना अठ्ठाविसाव्या आठवड्यातच बोलवावे. शिवाय सर्व सत्रे कामाच्या दिवशी सकाळी अकराला असतात. ज्या वर्गात रजेचे हक्क शिकवले जातात, त्याच वर्गासाठी मला चार वेळा अर्ध्या दिवसाची किरकोळ रजा काढावी लागली, हे थोडे विचित्रच आहे. रविवारची एक तुकडी सुरू करणे अशक्य नसावे.

केंद्रात ‘रुग्णालयाची बॅग’ म्हणून २,८०० रुपयांचा तयार संच विकला जातो. घेण्याची सक्ती करत नाहीत, तरी टेबलावर तो असा मांडलेला असतो की न घेणारीला अपराधी वाटावे. एप्रिलच्या नाशिकमध्ये लोकरीचे टोपडे आणि मोजे कशासाठी, हे मला समजले नाही. दुपटी, झबली आणि लंगोट मेनरोडवर मनाजोगते मिळाले, आणि आईने जुन्या सुती साड्या फाडून शिवलेली दुपटी त्यांहून मऊ निघाली. बॅगेतील खरी निकड कागदांची असते: तपासण्यांचे अहवाल, माता व बाल संरक्षण कार्ड, आधार, विम्याचे कार्ड. ही यादी ताईंनी विनामूल्य दिली होती आणि ती पुरेशी होती. जन्माची नोंद २१ दिवसांत करायची असते, हेही तिच्या तळाशी छापलेले होते. रुग्णालयाने नोंद कळवली आहे का, हे घरी निघतानाच विचारावे.

वर्ग तिसऱ्या मजल्यावर आहे आणि मी जात होते त्या सहांपैकी दोन आठवडे लिफ्ट बंद होती. तेव्हा निघण्यापूर्वी फोन करून लिफ्टची चौकशी करावी. बंद असल्यास तळमजल्यावरील खोलीत सत्र घेण्याची त्यांची तयारी असते, परंतु ते आपण विचारल्याशिवाय सांगत नाहीत.