तळ्याकाठची संध्याकाळ: फिल्टर घ्यावा की तीन फ्रेम जोडाव्यात?

तापीवरच्या हतनूर धरणाच्या फुगवट्यावर पश्चिमेकडे तोंड करून ट्रायपॉड रोवला की अडचण ठरलेली. आभाळाला एक्स्पोजर (कॅमेऱ्यात किती उजेड घ्यायचा ते) लावावं तर काठ काळाठिक्कर, काठाला लावावं तर आभाळ धुऊन गेलेलं. यावर दोन जुने उपाय आहेत. एक, वरून गडद आणि खाली साफ असलेला ग्रॅज्युएटेड फिल्टर. दुसरा ब्रॅकेटिंग: दोन-दोन स्टॉपच्या फरकाने (एक स्टॉप म्हणजे उजेड दुप्पट किंवा निम्मा) एकाच दृश्याच्या तीन फ्रेम काढायच्या आणि घरी जोडायच्या. मी दोन्ही केलंय. तीन हिवाळे ब्रॅकेटिंग, मग फिल्टर. त्यामुळे माझा काटा सरळ आहे असं मी म्हणणार नाही.

खर्चात ब्रॅकेटिंग जिंकतं, कारण ते कॅमेऱ्यात आधीच असतं. फिल्टरला काच, होल्डर, रिंग असं सगळं लटांबर लागतं. त्यात स्वस्त फिल्टरने आभाळाला जांभळट झाक येते, ती काढता काढता नाकी नऊ येतात. आणि आपल्याकडची धूळ! गाळाच्या काठावर पाच मिनिटं उभं राहिलं तरी काचेवर थर बसतो. सूर्य चौकटीत असला की धुळीचा एकेक कण चमकतो. माझा पहिला रेझिनचा, म्हणजे प्लास्टिकसारखा, फिल्टर मी खिशातल्या रुमालाने पुसला. ते ओरखडे अजून त्याच्यावर आहेत.

मग ब्रॅकेटिंग का सोडलं? पाणी थांबत नाही म्हणून. जानेवारीतली गोष्ट. मावळतीचा केशरी पट्टा, खाली तापीचं संथ पाणी, उत्तरेला सातपुड्याची निळी रेघ. तीन फ्रेम काढत होतो, तेवढ्यात चक्रवाकांचा थवा उठला. जवळच जाळं आवरणाऱ्या एका भाऊंनी विचारलं, "का भो, एकच फोटो तीनदा का काढू राह्यला?" हसून वेळ मारून नेली. रात्री भरीत-भाकरी खाऊन फ्रेम जोडायला बसलो, तर अर्धे पक्षी पारदर्शक आणि काठचं पाणकणीस दुहेरी. सॉफ्टवेअरला 'भुतं काढ' सांगितलं तर त्याने तेवढा भाग एकाच फ्रेममधून उचलला आणि तिथे दाणे उमटले. सातपुड्याच्या रेघेवर पांढरी कड आली ती वेगळीच.

फोटो गेला याचं दुःख नव्हतं, फोटो रोजच जातात. खटकलं ते हे की गेल्याचं कळलं रात्री साडेदहाला. फिल्टरची चूक कॅमेऱ्याच्या मागच्या पडद्यावर तिथल्या तिथे दिसते. फिल्टरचा गडद भाग संपतो ती रेघ खाली आली असेल तर वर सरकवा, सूर्य अजून आहे. आपल्या अक्षांशावर सूर्य बराच सरळ खाली उतरतो, उत्तरेच्या देशांतल्यासारखा तिरका रेंगाळत नाही. चांगला उजेड हाताशी असतो तो जरासा वेळ. तेवढ्यात चूक कळणं मला फार मोलाचं वाटतं. कुणाला नसेलही वाटत.

फिल्टर लावून विसरून जाणं मात्र चालत नाही. सूर्य टेकताना आभाळ ३ स्टॉपने गडद करणारा बरा पडतो. तो बुडाला की आभाळ आणि जमीन यांच्यातला फरक घटतो, तेव्हा २ स्टॉपचा लावायचा, आणि अगदी झाकोळलं की तोही काढायचा. आळस केलात तर आभाळ त्याच्या प्रतिबिंबापेक्षा गडद येतं. पाण्यातलं आभाळ वरच्या आभाळापेक्षा नेहमी थोडं काळंच असतं. उलटं दिसलं की नक्की काय बिघडलंय ते कळत नाही, पण बघणाऱ्याच्या डोळ्याला काहीतरी टोचतं.

फिल्टर कुठे हरतो तेही सांगतो. क्षितिजाच्या वर काही डोकं काढून उभं असेल, तर त्याचं डोकं काळवंडतं. खान्देशात दीपगृह कुठून येणार, पण रत्नागिरीला गेलो तेव्हा तिथल्या दीपगृहावर हा धडा मिळाला: मनोऱ्याचे पाय उजळ आणि माथा मळकट. तोरणमाळच्या यशवंत तलावावरही तेच, कारण तिथे भोवतीचा डोंगर आणि झाडी चौकटीत वर चढून येते. अशा जागी तीन फ्रेमच बऱ्या, त्याही पहाटे, वारा पडलेला असताना. जळगावच्या मेहरूण तलावावर दोन्ही चालतं, काठावरची झाडं किती घेता त्यावर आहे. हतनूरला मात्र पलीकडचा काठ सपाट, रेघ मारल्यासारखा, फिल्टरसाठीच आखलेला.

'नवे सेन्सर इतके चांगले आहेत, एकच रॉ फाइल (कॅमेऱ्याने न घोटलेली कच्ची फाइल) काढा आणि सावल्या उचला, म्हणजे काळे भाग नंतर उजळा,' असं म्हणणारेही आहेत. सूर्य ढगाआड असेल तेव्हा मीही तेच करतो. तो चौकटीत उघडा असला की माझ्या जुन्या कॅमेऱ्याच्या सावल्यांत रांगोळी सांडल्यासारखं दिसतं. तुमचा नवा असेल तर कदाचित इथेच तुमचा प्रश्न मिटला.

फिल्टर घ्यायचाच असेल तर आधी २ स्टॉपचा, मऊ कडेचा (गडदपणा हळूहळू विरत जाणारा) घ्या. चुकला तरी पटकन दिसत नाही. सोबत धुळीसाठी छोटा ब्रश ठेवा. माझ्या पिशवीत आता दोन काचा असतात. ब्रॅकेटिंगचं बटण तोरणमाळचा घाट चढायला लागलो की आठवतं.