हिमाचलमधील स्टेज रेस की घराजवळची बीआरएम?

माउंटन बाइकवर लांब पल्ला गाठणाऱ्या साताऱ्यातील हौशी सायकलस्वाराला यवतेश्वरचा घाट एकदा अंगवळणी पडला की पुढच्या वर्षाचे ध्येय ठरवावे लागते. हिमाचलमधील अनेक दिवसांच्या स्टेज रेसची तयारी करावी, की २००, ३००, ४०० आणि ६०० किलोमीटरच्या बीआरएम, म्हणजे ठरलेल्या वेळेत पूर्ण करायच्या लांब पल्ल्याच्या सायकलफेऱ्या, एकाच हंगामात पूर्ण करून ‘सुपर रँदोनर’ हा किताब मिळवावा? नोकरी आणि घर सांभाळून दोन्हींची तयारी एकाच वर्षात नीट होते, असे मला वाटत नाही. दोन्हींचा अनुभव घेतल्यानंतर माझा कल एका बाजूला झुकला आहे, त्याची कारणे येथे मांडतो.

माउंटन बाइक ज्यासाठी बनली आहे ते सारे स्टेज रेसमध्ये मिळते, हे आधीच मान्य केले पाहिजे. देवदारांच्या जंगलातील दगडगोट्यांची उतरण, सस्पेन्शनची खरी परीक्षा आणि संध्याकाळी तळावर इतर स्पर्धकांशी होणाऱ्या गप्पा यांची भरपाई डांबरी रस्ता करू शकत नाही. मात्र कासचे पठार समुद्रसपाटीपासून सुमारे १,२०० मीटरवर आहे, तर हिमाचलमधील जलोरी खिंड ३,१०० मीटरहून उंच आहे. त्या विरळ हवेची सवय साताऱ्याजवळच्या चाळकेवाडीच्या पवनचक्क्यांखाली कितीही चढ मारले तरी होत नाही. त्यासाठी काही दिवस आधी पोहोचावे लागते, म्हणजे रजा आणखी वाढते.

तरीही रजा आणि खर्च यांच्यापेक्षा मला निर्णायक वाटली ती एक लहानशी गोष्ट, ती म्हणजे मागच्या डिरेलरचा, म्हणजे चेन एका गिअरवरून दुसऱ्यावर सरकवणाऱ्या यंत्रणेचा, हँगर. फ्रेम आणि डिरेलर यांना जोडणारा हा ॲल्युमिनियमचा तुकडा मुद्दाम मऊ ठेवलेला असतो, कारण धक्का बसला तर फ्रेमऐवजी तो वाकावा. सायकल सुटी करून, खोक्यात भरून इतक्या लांब पाठवली, की सामानाच्या डब्यात त्या खोक्यावर काय रचले जाईल हे आपल्या हाती राहत नाही. माझा हँगर जेमतेम दिसेल इतकाच वाकला होता. पण त्यानंतर मागच्या मोठ्या कॉगवर (दातेरी चकतीवर) चेन टिकेना, आणि ज्या तीव्र चढासाठी पावसाळाभर घाम गाळला होता, तिथेच गिअर पुन्हा पुन्हा निसटू लागला. अनेक फ्रेमचा हँगर वेगळ्या आकाराचा असतो; तो साताऱ्यातही चटकन मिळत नाही, तर डोंगरातल्या गावात कुठून मिळणार? सुटा हँगर जवळ ठेवणे हा त्यावरचा उपाय आहे आणि तो मी सर्वांना सुचवीन, परंतु वर्षभराची तयारी प्रवासातल्या एका धक्क्यावर अवलंबून राहावी, हे मला आजही पटत नाही.

बीआरएमला सायकल घरून चालवत किंवा मोटारीवर बांधून नेता येते, त्यामुळे शनिवारी ट्यून केलेले गिअर रविवारी तसेच राहतात. २०० किलोमीटरला साडेतेरा तास आणि ६०० ला ४० तास मिळतात. शेवटी क्रमांक लावले जात नाहीत, त्यामुळे चाळिशी ओलांडलेल्याला स्वतःच्या लयीत चालवता येते. जाड टायर काढून अरुंद, गुळगुळीत टायर चढवले आणि पुढचे सस्पेन्शन लॉक केले, तर माउंटन बाइकही ही वेळ पाळू शकते. खंबाटकी किंवा पसरणीच्या घाटात तिचे हलके गिअर तर वरदानच ठरतात. सपाट हँडलवर तळहात बधिर होतात हे खरे आहे, पण हँडलच्या टोकांना बार-एंड, म्हणजे जादा मुठी, लावल्यावर मला बराच फरक पडला. ३०० पासून पुढे रात्रीची सायकलिंग अटळ असते. तेव्हा महामार्गावरील अवजड वाहनांची भीती वाटणे रास्त आहे, आणि घरच्यांचा विरोध असेल तर तोही समजून घ्यावा.

ज्याला उतरणीचीच ओढ आहे, वय पाठीशी आहे आणि दोन आठवड्यांची रजा सहज मिळते, त्याने एकदा हिमाचलला जरूर जावे. इतरांनी हिवाळ्यात २०० ची बीआरएम करून पाहावी, आणि मातीची ओढ लागेल त्या रविवारी कासहून बामणोलीच्या बाजूच्या कच्च्या वाटांवर सायकल काढावी. मी सध्या तेच करतो आहे, आणि यंदाचे लक्ष्य ६०० हेच ठेवले आहे.